चांगल्या माणसाची मारामारी

टीव्हीवर मारामारी सुरू झाली की माझा हात रिमोटकडे नेमका कधी जातो, यावर हल्ली मी लक्ष ठेवून असते. नातू शेजारी बसलेला असतो. रक्त दिसलं की हात जातो. चाकू पोटात शिरताना दिसला की जातो. इंग्रजी सिनेमात कुणी कुणाच्या कपाळाला पिस्तूल लावलं तर मी रिमोटवर जवळजवळ झडपच घालते. पण हिरोनं दहा गुंड लोळवले, तर हात जागचा हलत नाही. आणि रात्री साडेआठच्या माझ्या मालिकेत थोरल्या जावेनं धाकटीच्या दुधात काहीबाही कालवलं, तर मी नातवाला एवढंच म्हणायचे, 'गप्प बस रे, आत्ता कुठं रंगात आलंय.'

उभा जन्म मी प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवला. टीव्हीमुळं मुलं बिघडतात हे वाक्य पालकसभांमध्ये मी इतक्या वेळा म्हटलंय की ते माझं तोंडपाठ झालं होतं. वाक्य खोटं नाही. पण ते म्हणताना मी कुठल्या टीव्हीबद्दल बोलत होते आणि कुठला सोयीस्करपणे वगळत होते, हे स्वतःला विचारायचं मी टाळत आले.

१९८७ च्या जानेवारीत रामानंद सागर यांचं 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहत होतो. गल्लीत टीव्ही मोजके. रविवारी सकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. सासूबाई आधी टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, मग बसायच्या. मालिकेत युद्ध पेटलं आणि गावात बांबूच्या कामट्यांना सुतळी बांधलेली धनुष्यं निघाली. बाण खराट्याच्या काड्यांचे, टोकाला बाभळीचा काटा. माझा मुलगा तेव्हा पहिलीत. त्यानं मारलेला बाण शेजारच्या पोराच्या गालात रुतला, डोळ्याच्या खाली जेमतेम बोटभर. त्या पोराची आई भांडायला आली नाही. 'राम-रावण खेळत होती हो,' म्हणून हसली. मीही हसले. रात्री मुलाला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, 'पण तो रावण होता.' माझ्यापुरता विषय संपला. रावणाला बाण मारायचाच असतो.

'रामायण' दाखवायला नको होतं असं मला म्हणायचं नाही. कथेत रावण पडल्यावर मंदोदरीचा शोक आहे. मुलांच्या खेळात तो कधी आला नाही आणि आम्ही मोठ्यांनीही तो आणला नाही, इतकंच मी म्हणते. त्याच सुमाराला गावच्या जत्रेत व्हिडिओवर मारधाडीचे हिंदी सिनेमे लागायचे, त्यांच्याविरुद्ध मी ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन गेले होते. तिथं मारणारा कोण आणि कशासाठी मारतोय, हे विचारायची मला गरज वाटली नाही. ते सिनेमे 'त्यांचे' होते आणि 'रामायण' आपलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचं नाव आम्हा शिक्षकांना अभ्यासक्रमात भेटलं ते परीक्षेपुरतं. १९६० नंतरच्या काही वर्षांत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर त्यांनी केलेले प्रयोग पाठ करायचे आणि पाच गुण मिळवायचे. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला लाथा-बुक्क्या मारतं, लाकडी हातोडीनं हाणतं. मुलं ते बघतात आणि नंतर तशाच बाहुल्याजवळ सोडली की तसंच करतात, नव्या युक्त्यांची भर घालून. १९६३ च्या प्रयोगात काही मुलांनी मारणारा माणूस प्रत्यक्ष पाहिला, काहींनी चित्रफितीत, तर काहींनी मांजराचा वेश घातलेलं कार्टूनसारखं पात्र. तिन्ही गटांची मुलं हे न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त मारकुटी झाली. बाहुला मारण्यासाठीच बनवलेला होता, त्यावरून खऱ्या मुलाला मारण्याबद्दल काय सिद्ध होतं, हा आक्षेप पुढं अनेकांनी घेतला आणि तो रास्त आहे.

पण मला बोचतो तो त्यानंतरचा प्रयोग. त्यात चित्रफितीतल्या मारणाऱ्याला काही मुलांसमोर शाबासकी मिळाली, काहींसमोर शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर ठीक. मग सगळ्यांना सांगितलं, जे पाहिलंत ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. तेव्हा दोन्हींकडच्या मुलांनी सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकणं आधीच झालं होतं. ते वापरायचं की नाही, एवढाच निर्णय मूल नंतर घेत होतं. 'शेवटी खलनायकाला शिक्षा होतेच की,' असं आपण म्हणतो ना, त्या समाधानाला इथं मोठं भोक पडतं.

अमेरिकेत १९९४ ते १९९७ या काळात काही विद्यापीठांनी मिळून हजारो तासांचे कार्यक्रम तपासले. साठेक टक्के कार्यक्रमांत हिंसा होती. यात नवल नाही. पण त्यांनी हिंसा कोण करतं आणि तिचं पुढं काय होतं हेही मोजलं. बरीचशी हिंसा चांगली पात्रं करत होती. चारपैकी जवळपास तीन हिंसक दृश्यांत त्या दृश्यापुरती तरी मारणाऱ्याला शिक्षा झालीच नव्हती. निम्म्याहून अधिक माऱ्यांत मार खाणाऱ्याला वेदना झाल्याचं दिसतच नव्हतं. लहान मुलांना सर्वांत जास्त धोका कशाचा, याचं या अभ्यासकांनी दिलेलं वर्णन असं: आवडता नायक, त्याच्या मारण्याला योग्य कारण, शिक्षा नाही, वेदना नाही, आणि प्रसंग मुलाला खरा वाटेल असा. सात वर्षांखालच्या मुलांना तर उडणारा माणूसही खराच वाटतो.

ही यादी मी माझ्या रिमोटशेजारी ठेवून पाहिली. मी बंद करते ते रक्त, म्हणजे ज्या दृश्यात वेदना दिसते ते. मी चालू ठेवते ते हिरोचं, कार्टूनमधल्या भीमाचं, शक्तिमानचं, म्हणजे ज्यात वेदना नाही ते. मी जे झाकत होते ते माझ्या पोटात ढवळतं म्हणून. मुलाच्या डोक्यात काय शिरतं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

'छोटा भीम' २००८ पासून पोगो वाहिनीवर आहे. ढोलकपूरचा हा पोरगा गोड आहे, मित्रांना जपतो. नातवाबरोबर बसून पुष्कळ भाग मीही पाहिले. त्यांची घडण बहुतेक ठरलेली. संकट येतं, छुटकी लाडू देते, भीमाच्या अंगात बळ येतं आणि ते बळ आल्याबरोबर पहिलं काम मुस्काटात मारण्याचं. दांडगा कालिया भिंतीवर आपटतो, डोक्याभोवती चांदण्या फिरतात, पुढच्या क्षणी उभा. रक्ताचा थेंब नाही. सूनबाईनं आणि मी मिळून हा कार्यक्रम 'चालेल' या खात्यात टाकला होता. आमच्या घरचं सेन्सॉर बोर्डच ते.

सरकारचं सेन्सॉरही फार वेगळं चालत नाही. केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा आणि त्याची नियमावली १९९४ ची, कारण आधी वटहुकूम निघाला होता. त्या नियमांत कार्यक्रमसंहिता आहे. मुलांसाठीच्या कार्यक्रमात शिवराळ भाषा आणि ढळढळीत हिंसेची दृश्यं नसावीत. मुलं सर्वाधिक संख्येनं बघत असतील त्या वेळेत त्यांना अयोग्य असं काही दाखवू नये. हेतू चांगला. पण ढळढळीत म्हणजे काय, तर जे डोळ्यांना दिसतं ते. मग वाहिनी चाकू धूसर करते, रक्ताचा लाल रंग काळपट करते, सिगारेटखाली इशारा लिहिते. वार तसाच राहतो. फक्त त्याचा परिणाम पुसला जातो. संशोधन सांगतं की परिणाम न दिसणारी हिंसा मुलाला अधिक सोपी वाटते, आणि आपण कात्री लावतो ती नेमकी परिणामाला.

२०११ साली वाहिन्यांनी स्वतःच्या देखरेखीसाठी 'ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल' स्थापन केली. दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शहा तिचे पहिले अध्यक्ष. मोठ्यांसाठीचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत दाखवायचे असं ठरलं. मालिका चालू असताना तळाशी एक पट्टी सरकत जाते, आक्षेपार्ह काही वाटलं तर इथं कळवा म्हणून. पट्टी आली की मी चष्मा लावून तिच्याआडचं दृश्य बघायचा प्रयत्न करते. आजवर कधी एक ओळ कळवलेली नाही. कळवायचं तर वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि दृश्य लिहावं लागेल. वेळ लिहिली की मूल त्या वेळी कुठं बसलं होतं, हा प्रश्न कुणी न विचारताही आलाच. आणि आपल्या घरांत अकरापर्यंत कुठलं मूल झोपतं? ब्रिटनमध्ये रात्री नऊची सीमा आहे, तिथं मुलं साडेसातला अंथरुणात असतात असं ऐकते. आमच्याकडे दहाला सून दमून येते आणि साडेदहापर्यंत पोराचं जेवण चालू असतं, टीव्हीसमोर.

२००८ च्या नोव्हेंबरातले मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचे ते तीन दिवस. मुंबईपासून इतक्या लांब, आमच्या गावातही टीव्ही बंद झाला नव्हता. ताज जळत होतं आणि आम्ही जेवत होतो. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पाहिलं, एक मुलगा पाठीला दप्तर, हातात मोठी पट्टी आडवी धरून वाकून चालत होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचा बंदूकधारी दहशतवाद्याचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता, त्यानंही पाहिला होता. चाल अगदी हुबेहूब. बाकीची पोरं पायऱ्यांवर पडत होती आणि उठून परत रांगेत येत होती, पुन्हा मरायला. मी त्याला कानाला धरून आत आणलं. तो रडला, पण काय चुकलं ते त्याला कळलेलं नव्हतं. ते मी त्याला सांगितलंही नाही, कारण ती दृश्यं त्याच्या घरी कुणी लावली होती ते मला ठाऊक होतं. माझ्याही घरी लावली होती.

सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणाबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले आणि २०१५ मध्ये केबलच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण बंद झालं. नेमलेल्या अधिकाऱ्यानं अधूनमधून माहिती द्यायची. आवश्यकच होतं ते, जवानांचे जीव त्यात होते. तरी त्या दुरुस्तीला दप्तरवाला मुलगा कारण नव्हता, हेही खरं.

कानाला धरून आणलं, असं मी आत्ता सहज लिहून गेले. माझ्या टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असायची, रेघा मारायला ती क्वचितच लागायची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलांना मारायला बंदी आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जी कुरकुर झाली तिच्यात माझा आवाज बराच मोठा होता. आम्ही काय मजेसाठी मारतो का, त्यांच्या भल्यासाठीच ना? अमेरिकन अभ्यासकांच्या यादीत मी तंतोतंत बसते: मुलांना आवडणारी बाई, मारण्याला योग्य कारण, शिक्षा नाही. वेदना होती, तीवर मात्र मी 'एवढंसं लागलं नाही' म्हणून पडदा टाकत असे. आणि मी तर त्यांच्यासमोर जिवंत उभी होते, चित्रफितीत नव्हते.

म्हणून टीव्हीला सगळा दोष देणाऱ्यांच्या रांगेत आता मला उभं राहवत नाही. घरात बाप आईला मारत असेल तर त्या मुलाला कार्टून बंद करून काय मिळणार? हिंसेचे कार्यक्रम फार बघणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा वाढतो असं दीर्घकाळच्या अनेक पाहण्यांत दिसलं, पण तो अनेक कारणांतला एक हिस्सा, आणि तोही मध्यम आकाराचा. किती मध्यम, यावर अभ्यासकांत अजून हमरीतुमरी चालू आहे. एखादी मालिका पाहून कुणी खुनी होत नाही. होतं ते बारीक असतं आणि बारीक असल्यामुळंच माझ्यासारखीला चालून जातं.

उदाहरणच देते. दिवाळीत नातू आणि त्याची मामेबहीण खेळत होती. भांडण कशावरून तरी झालं. नातू उठला, एक पाय पुढं, मान आधी तिरकी, मग सावकाश सरळ, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, 'आता बघच, मी तुझं काय करतो.' आणि थांबला. तो कशासाठी थांबला होता ते मला क्षणभर कळेना. तो संगीतासाठी थांबला होता! ढँण् वाजायला हवं होतं, तेवढी जागा त्यानं सोडली होती. बहीणही कसलेल्या नटीसारखी तीनदा मान वळवून बघत राहिली. आम्ही सगळे खो खो हसलो, मुलानं तर मोबाइलवर टिपण्यासाठी ते परत करायला लावलं. त्यातली एकही थप्पड खरी नव्हती. पण दुसऱ्याचं वाईट करण्याच्या आधीचा तो रसरशीत आनंद, ती भुवई, तो दम, हे त्यानं भीमाकडून घेतलेलं नव्हतं. ते माझ्या साडेआठच्या मालिकेतून आलेलं होतं. 'चालेल' आणि 'चालणार नाही' अशी आमची दोन खाती होती. घरच्या मालिकेला आम्ही कुठल्याच खात्यात घातलं नव्हतं. जिन्यावर तेल ओतणं, औषधाची बाटली बदलणं, एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवणं आणि मधे घरातल्या प्रत्येकाचा चेहरा. यात रक्त कुठं आहे?

हे खाती पाडण्याचं काम यंत्रावर सोपवायचाही प्रयत्न झाला. कॅनडात १९९२ साली तेरा वर्षांच्या एका मुलीनं, व्हर्जिनी लारिव्हियेरनं, धाकट्या बहिणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यानंतर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध सह्या गोळा केल्या. तेरा लाखांच्या आसपास सह्या पंतप्रधान ब्रायन मल्रोनींच्या हाती पडल्या. त्याच देशात टिम कॉलिंग्ज या अभियंत्यानं नको ते कार्यक्रम अडवणारी व्ही-चिप घडवली, आणि अमेरिकेनं १९९६ च्या कायद्यानं ती नव्या टीव्ही संचांत सक्तीची केली. २००० पासून तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती होती. वापरली फार थोड्या पालकांनी. मला त्यांना हसता येत नाही. आमच्या सेट-टॉप बॉक्सलाही कुलूप आहे. पिन बरेच दिवस कंपनीनं दिलेला चार शून्यांचाच होता, कारण तो बदलायचा तर आधी काय काय बंद करायचं ते घरात बसून ठरवावं लागलं असतं. त्या बैठकीला कुणी तयार नव्हतं. मीसुद्धा नव्हते, कारण यादीत माझी मालिका येईल हे मला दिसत होतं. मोबाइल आणि ओटीटीबद्दल मी लिहीत नाही. सरकारच्या २०२१ च्या नियमांनी त्यांना ७, १३, १६ अशी वयाची लेबलं लावायला सांगितलंय, पण ते लेबल वाचणारा हात शेवटी घरचाच.

मुलांशी बोला, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. तेही करून पाहिलं. थप्पड आली की आवाज बंद करून मी विचारलं, 'तिला किती लागलं असेल रे?' नातू म्हणाला, 'लागत नाही गं आजी. अ‍ॅक्टिंग असते ती.' आणि रिमोट मागितला. त्याला खरं-खोटं कळतं, या गोष्टीचा मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. लागत नाही हेच तर त्यानं शिकायला नको होतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. किती लागलं असेल हे विचारत नाही. तिनं काय करायला हवं होतं, असं विचारते. याला तो उत्तरं देतो, कधी कधी लांबलचक. एकदा म्हणाला, ती सरळ सांगून का टाकत नाही सगळ्यांना? मी म्हटलं, सांगितलं तर मालिका संपेल. ते त्याला पटलं, आणि मलाही माझ्याबद्दल एक गोष्ट कळली: मालिका संपू नये म्हणून तिचा छळ चालू राहावा, असं मला रोज रात्री वाटत होतं.

साडेआठची मालिका मी सोडलेली नाही. सत्तरीच्या बाईला करमणुकीचे मार्ग थोडे आणि गुडघे दुखतात. ती आता मी तो झोपल्यावर मोबाइलवर बघते, कानात बोंडं घालून. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच परत लागते आणि तेव्हा तो शाळेतून आलेला असतो, म्हणून दुपारचा टीव्ही बंद. पिन बदलला. भीमावर बंदी घातली नाही, पण लाडू खाल्ल्यावर मारण्याशिवाय आणखी काय करता येईल याची आमची यादी चालू आहे, तीत नदीवर पूल बांधणं सर्वांत वर आहे. अडलंय ते बातम्यांवर. लाल गोल करून तीच मारहाण दहादा दाखवणाऱ्या बातम्या मुलगा जेवताना लावतो आणि म्हणतो, आई, हे खरं आहे, हे त्याला कळलंच पाहिजे. पहिलीतल्या मुलाला जेवताना कळायलाच हवं का, यावर आमचं काल रात्री भांडण झालं. सूनबाई माझ्या बाजूनं आहे. पण ती दहाला येते, आणि बातम्या नऊच्या आहेत.